न मोजलेलं प्रेशर

एका बाईच्या नावापुढे मी एक आकडा लिहिला होता. तो आकडा कुठून आला, हे आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, ज्या डॉक्टर मॅडमच्या हाताखाली सात वर्षं काम केलं त्यांच्याजवळ नाही. खरं तर एकटा असतानाही मोठ्याने बोललेलो नाही. आज तुमच्याशी बोलतोय. आजच का, तुमच्याशीच का — ते मला सांगता येणार नाही.

थेट तिथे जाता येत नाहीये. थोडा लांबून येतो. चालेल ना?

मी बल्लारपूरचा. वडील कागदाच्या कारखान्यात होते, सायकलने जायचे, सायकलने यायचे. मी समाजकार्याची पदवी घेतली आणि वर्षभर घरी बसल्यावर एका संशोधनाच्या प्रकल्पात लागलो. काम गडचिरोलीकडच्या गावांमध्ये होतं. गरोदर बायांचं ब्लड प्रेशर घरी जाऊन मोजायचं, वजन घ्यायचं, चार प्रश्न विचारायचे आणि सगळं टॅबमध्ये भरायचं. नेटवर्क मिळालं की ती नोंद वर सर्व्हरवर जायची. प्रेशर ठरलेल्या हद्दीच्या वर असलं की नावापुढे लाल खूण यायची आणि ग्रामीण रुग्णालयात आपोआप निरोप जायचा. जंगलातल्या गावांत असं केल्याने बाळंतपणातले धोके वेळेत कळतात का, हेच त्या संशोधनाला बघायचं होतं.

चांगलं काम होतं ते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही टॅबला दोष द्याल. माझ्या डोळ्यांदेखत त्या लाल खुणेने दोन बाया वाचल्या आहेत.

माझ्याकडे अकरा गावं होती. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक बाईची भेट. सोमवारी ऑफिसात भिंतीवर यादी लागायची — कुणाच्या किती भेटी झाल्या, किती चुकल्या. माझं नाव वरच असायचं. मला ते आवडायचं. इतकं आवडायचं की चुकलेली भेट ‘चुकली’ म्हणून लिहायला हात धजावत नसे.

आणि एक गोष्ट मी लवकर शिकलो होतो. खरं मोजणारी माणसं आकडे गोल करून टाकतात — एकशे वीस, ऐंशी. मशीनवर एकशे एकोणीस दिसलं तरी एकशे वीस लिहितात. शहरात बसलेला नोंदी तपासणारा माणूस अशी शून्यं मोजायचा आणि फार शून्यं दिसली की फोन करायचा. म्हणून कधी नोंद बनवायची वेळ आली, तर मी शून्य टाळायचो. माझे खोटे आकडे इतरांच्या खऱ्या आकड्यांपेक्षा खरे दिसायचे. ‘कधी’ म्हणालो ना? पाच-सहा वेळा. त्यातले दोन आकडे रंजनाचे.

तिचं गाव तलावाकाठी. गावाचं नाव नको. ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, पंधरा-वीस घरं, बाकी धानवाले. रंजनाचा नवरा देवाजी तलावात जाळं टाकायचा, पावसात दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला जायचा. पहिली मुलगी तीन वर्षांची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रंजनाला सातवा लागला होता. निर्मलाबाई मला घेऊन गेल्या. त्याच गावच्या आशा वर्कर. चाळिशीच्या, चालायला भराभर, रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून काखेत.

दंडाला पट्टा बांधून हवा भरली तशी रंजना हसायला लागली. “हात तोडून घेता का भाऊ माहा?” मग तिने टॅबमध्ये डोकावून पाहिलं. चौथीपर्यंत शिकलेली. स्वतःचं नाव बोट ठेवून वाचलं — रं, ज, ना. “माह्यं नाव इथीच राह्यते का आता?” मी म्हणालो, राहतं. हरवत नाही कधी.

त्या दिवशी एकशे सव्वीस आणि ब्याऐंशी होतं. पंधरा दिवसांनी एकशे चौतीस, शहाऐंशी. हे दोन्ही मी खरोखर मोजले. हद्दीच्या आत होते, पण चढत होते. मला दिसलं होतं ते. दिसलं नव्हतं असं म्हणायची सोयही मी ठेवलेली नाही.

तिसऱ्या भेटीला नाल्याला पूर होता. बाईक काठावर उभी करून अर्धा तास पाणी बघत बसलो आणि परत फिरलो. एवढं खरं होतं. ‘भेट झाली नाही’ असा पर्याय फॉर्ममध्ये होता. तो दाबला नाही. एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी लिहिलं.

चौथी भेट.

बुधवार होता. ऊन पडलं होतं. नाला घोट्याएवढा. पुराचं कारण त्या दिवशी नव्हतं, हे लक्षात ठेवा, मीही ठेवलंय. श्रावण लागायला दोन दिवस होते. माझा एक शाळेतला मित्र वीज केंद्रात लागला होता, त्याला ऊर्जानगरला नुकतंच क्वार्टर मिळालं होतं, आणि पाळ्यांमुळे त्याची सुटी बुधवारी यायची. त्याने मटणाचं जेवण ठेवलं होतं. मी सकाळीच गाडी काढून तिकडे गेलो. जेवलो. पंखा चालू होता. बाकीचे पत्ते खेळत होते आणि मी त्याच्या नव्या सोफ्यावर मांडी घालून त्या दिवसाचे चार फॉर्म भरले.

रंजनाचा फॉर्म उघडल्यावर आधीचे आकडे वर दिसत होते. काय लिहावं याचा विचार केला मी. खराच विचार केला. चढता, हद्दीजवळचा आकडा लिहिला तर टॅब म्हणणार, तीन दिवसांत पुन्हा मोजा. म्हणजे पुन्हा तिकडे जाणं आलं. म्हणून उतरता लिहिला. एकशे अठरा, शहात्तर. जागेची नोंद मागितली तिथे ‘नेटवर्क नाही’ निवडलं. त्यामुळे फॉर्म टॅबमध्येच पडून राहायचा, सोमवारी ऑफिसात गेल्यावर वर जायचा. कुणीतरी हाक मारली म्हणून शेवटचे रकाने रिकामेच राहिले. त्यात एक होता — पायाला सूज आहे का?

इथे थांबलो असतो तर तो एक आळस झाला असता. मोठा आळस, पण आळस. मी थांबलो नाही.

शुक्रवारी दुपारी निर्मलाबाईंचा फोन आला.

“भाऊ, रंजनाच्या पायाले लय सूज हाये. दोन दिवसांपासून डोकं दुखते म्हन्ते. नर्सबाई सुटीवर गेल्या. तुमी कधी येऊन राह्यले?”

“मी बुधवारीच पाहून आलो तिला, बाई. प्रेशर एकदम बरोबर आहे.”

“बुधवारी मी तालुक्याले मिटिंगले होती.”

ते मला माहीत होतं. रोवणी चालू होती, गाव सगळं बांध्यांमध्ये होतं, तेही माहीत होतं. “म्हणूनच आपली भेट झाली नाही,” मी म्हणालो.

“मंग दवाखान्यात नेऊ नको का तिले?”

“नवव्यात येतेच थोडी सूज. मी सोमवारी येतो.”

“बरं भाऊ,” त्या म्हणाल्या. “तुमी पाह्यलं हाये तं मंग काई नाई.”

हे वाक्य मला त्यांच्या आवाजातच ऐकू येतं. सुटका झाल्यासारखा आवाज होता तो. नदीपलीकडे तीस-पस्तीस किलोमीटर बाईला घेऊन जायचं, गाडी शोधायची, रोवणीच्या दिवसांत नवऱ्याची मजुरी बुडवायची — हे सगळं करायला त्या तयार होत्या. मी त्यांना नको म्हटलं. कशाच्या जोरावर? पत्त्यांच्या आवाजात लिहिलेल्या एका आकड्याच्या.

त्याच संध्याकाळी मी जाऊ शकत होतो. शनिवारी जाऊ शकत होतो. गेलो असतो तर निर्मलाबाईंना कळलं असतं की मला काळजी वाटतेय, आणि मग काळजी का वाटतेय, हेही विचारलं असतं. असलं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. आता ते कारण मांडून बघतो तर हातात काहीच राहत नाही.

रविवारी सकाळी रंजनाला झटके आले. देवाजी आणि निर्मलाबाईंनी जीपमध्ये घातलं. अर्ध्या रस्त्यात ती गेली. बाळ पोटातच राहिलं.

मी खोलीवर कपडे धूत होतो. फोन निर्मलाबाईंनीच केला. रडत रडत सांगितलं. मी काहीतरी बोललो — अरेरे, कसं झालं, असलं. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? रंजना नाही. तिची मुलगी नाही. टॅब.

ओल्या हातांनी टॅब काढला. फॉर्म अजून वर गेला नव्हता. तिथेच होता, माझ्या हातात. एक बटण दाबलं असतं तर पुसला गेला असता. ‘भेट झाली नाही’ लिहिता आलं असतं. पंधरा मिनिटं तो फॉर्म उघडून बसलो होतो. मग तो रिकामा रकाना दिसला. पायाला सूज आहे का?

मी लिहिलं — नाही.

ती मेल्यावर. तिचं शरीर अजून घरी पोचलंही नसेल, तेव्हा. बुधवारचा आकडा मी आळसाने लिहिला, पण हा शब्द मी पूर्ण शुद्धीत, जपून, स्वतःसाठी लिहिला. सांगायचं होतं ते हेच.

बाळंतपणात बाई दगावली की तालुक्याला चौकशी बसते. आठ-दहा दिवसांनी बसली. अधिकारी होते, रुग्णालयाचे डॉक्टर होते, आमच्या डॉक्टर मॅडम मुद्दाम आल्या होत्या. देवाजी कोपऱ्यात, खाली बघत. त्याला विचारलं, बुधवारी घरी कुणी आलं होतं का? तो म्हणाला, “मी बांधीत होतो साहेब. मले मालूम नाई.” त्याची आईही रोवणीलाच होती. घरी फक्त रंजना आणि तिची लहान मुलगी होती.

निर्मलाबाई धुतलेलं पातळ नेसून आल्या होत्या. त्यांनी सरळ सांगितलं. सूज होती. डोकं दुखत होतं. भाऊंना फोन केला होता. आणि मग माझ्याकडे न बघता — “बुधवारी कोणी आलं नाई म्हने. रंजनानं मले सांगतलं होतं शनिवारी.”

शनिवारी! म्हणजे त्यांना कळलं होतं. त्यांनी मग शनिवारी मला फोन का केला नाही? सोमवारी येतो म्हटलं होतं मी, म्हणून थांबल्या असतील. कुणी मोठं माणूस तोंडावर खोटं बोलेल असं त्यांना वाटलं नसेल. मी विचारलं नाही कधी.

टेबलावर टॅब उघडला. चार भेटी, चारही हिरव्या. शेवटचं प्रेशर एकशे अठरा, शहात्तर. सूज — नाही. अधिकाऱ्यांनी ते वाचून दाखवलं आणि मला विचारलं, बाईंनी फोनवर सूज सांगितली होती का? मी म्हणालो, “फोन आला होता. पुढच्या भेटीची तारीख विचारत होत्या.”

डॉक्टर मॅडम माझ्याकडे वळल्या. कडक बाई, पण माझ्यावर माया होती. “प्रशांत, तू स्वतः मोजलंस ना?”

दार उघडं करून दिलं होतं त्यांनी. वेळही दिला. पंख्याचा आवाज येत होता.

“हो मॅडम.”

मग अधिकारी निर्मलाबाईंना म्हणाले, आवाज न चढवता, समजावल्यासारखं — “बाई, इथं लिहिलेलं आहे सगळं. मेलेल्या माणसाच्या तोंडी तुम्ही काहीही घालाल.” त्या उभ्या होत्या. रजिस्टर पुढे केलं. त्यात त्यांच्या अक्षरात शुक्रवारच्या तारखेला लिहिलेलं होतं — रंजना, पाय सुजले, डोकं. ते कुणीतरी हातात घेतलं आणि बाजूला ठेवलं. हे मागून लिहिलं नाही कशावरून, असं विचारलं. तुम्हाला हसू येईल. मागून लिहिणारा समोरच्याच खुर्चीवर बसला होता.

धोका वेळेत ओळखला नाही, वर पाठवलं नाही, असा ठपका निर्मलाबाईंवर आला. त्यांचं काम गेलं. गावात बायांनी त्यांना बोलावणं सोडलं. देवाजी एकदा भर चौकात त्यांना म्हणाला होता, “तू काऊन नेलं नाई तिले?” हे मला त्यांच्या जागी आलेल्या नव्या आशाने सांगितलं, मी त्याच गावात पुढची दोन वर्षं भेटी देत होतो तेव्हा. हो, जात होतो. आणि प्रत्येक भेट खरी देत होतो. त्याने काय होतं?

संशोधन पूर्ण झालं. छापून आलं. त्यात रंजनाचं नाव नाही, नुसता क्रमांक आहे. पण तिच्यावर एक ओळ आहे — प्रेशर न चढताही अचानक झटके आल्याचं एक उदाहरण. वैद्यकात तसं क्वचित घडतं म्हणतात, म्हणून कुणाला खटकलं नाही. ते वाचून कुठेतरी कुणी डॉक्टर काही शिकला असेल. काय शिकला? मी सोफ्यावर बसून जे बनवलं ते.

माझ्या नोंदी ‘स्वच्छ’ होत्या म्हणून मला वर चढवलं. आता मी नव्या मुलामुलींना शिकवतो — नोंद कशी घ्यायची, खोटी नोंद कशी ओळखायची. या कामात मी हुशार समजला जातो. मागे माजरीकडे खाणीच्या धुळीवर एक पाहणी चालली होती. तिथे एका मुलीने श्वासाचे आकडे घरी बसून भरले होते. मी दहा मिनिटांत पकडलं. ती रडली, पुन्हा नाही करणार सर म्हणाली. तिच्यामुळे कुणाचं काही बिघडलं नव्हतं. तिला काढावं अशा कागदावर मी सही केली.

रंजनाचा फॉर्म अजून आहे. तिला म्हटलं होतं तसं, हरवलेला नाही. मूळ नोंदीत शेवटचा बदल कधी झाला त्याची वेळसुद्धा आहे — रविवार, दुपार. ते कुठे बघायचं हे मला माहीत आहे, कारण ते बघायला मीच शिकवतो. चौकशीत कुणी बघितलं नाही. दुरुस्तीचा अर्ज माझ्याच टेबलावरून जातो. मी तो केलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात कामासाठी तिकडे गेलो होतो. वाटेत एका गावात आठवडी बाजार भरला होता. गाडीतून उतरलो आणि समोर निर्मलाबाई. खाली पोतं अंथरून सुके झिंगे विकत होत्या. केस बरेच पिकलेले. त्यांनी मला ओळखलं. मी तोंड फिरवायच्या आत हाक मारली — “प्रशांतभाऊ!” राग नव्हता आवाजात. मी राग शोधत होतो, नव्हता.

बसा म्हणाल्या, बसलो. माझं लग्न झालं का, मुलं किती, सगळं विचारलं. देवाजीने दुसरं लग्न केलं, मुलगी आश्रमशाळेत आहे, अभ्यासात बरी आहे, असं सांगितलं. मग झिंग्यांवरच्या माशा हाकलत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

“भाऊ, एक विचारू? तुमी त्या बुधवारी पाह्यलं तवा सूज नव्हती ना?”

मी पोत्यावरचा एक झिंगा उचलून बोटांत फिरवू लागलो.

“तसं नाई. सगळे म्हन्ले का नव्हती. टॅबमंदीबी नव्हती. मले तं दिसली होती. बोट दाबलं तं खड्डा पडे. पन आता एवढी वर्सं झाली... मले आता वाटते का मलेच बरोबर दिसलं नसन. रंजनाबी बोलली का नाई बोलली, तेबी आता पक्कं सांगता येत नाई मले. कामावरून गेली त्याचं काई नाई. पन माह्यं मन मलेच म्हन्ते, तूच चुकली.”

तिथे कोणी अधिकारी नव्हता. नोकरी नव्हती, मॅडम नव्हत्या, यादी नव्हती. एक बाई होती, आणि तिला फक्त एवढंच हवं होतं की तिने डोळ्यांनी पाहिलेलं खरं होतं का. एक वाक्य. “सूज होती, मी आलोच नव्हतो.” माझ्या तोंडात आलं होतं ते. खरंच आलं होतं.

मी म्हणालो, “जाऊ द्या बाई. होतं असं कधी कधी. मनाला लावून घेऊ नका.”

त्यांनी मान हलवली. पदराने डोळे पुसले. मग वर्तमानपत्राच्या कागदात दोन ओंजळी झिंगे बांधले आणि मी नको-नको म्हणत असताना पिशवीत घातले. “घरी पोरायले खाऊ घाला,” म्हणाल्या.

घरी आलो. बायकोने त्याची लसूण घालून चटणी केली. भाकरीबरोबर मी ती खाल्ली. चांगली झाली होती.